वाजवून शिकवणारे: जॅझ गिटार-बेसच्या गुरुजनांचे पाठ

जॅझ गिटारचा विषय निघाला की वेस माँटगोमरी, जो पास, जॉर्ज बेन्सन ही नावं येतात. बेसचा निघाला की रे ब्राउन, पॉल चेंबर्स, जॅको पास्टोरियस. ऐकणाऱ्याला एवढी यादी पुरते. परभणीत किंवा लातुरात मांडीवर गिटार घेऊन बसलेल्याला मात्र आणखी एक यादी लागते. रात्री क्लबात वाजवायचं आणि दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यासमोर बसून तेच सुटं करून दाखवायचं, असं आयुष्य ज्यांनी काढलं त्यांची.

मराठवाड्याला गाणारे-शिकवणारे गुरू नवे नाहीत. पं. नाथराव नेरळकरांचं नाव काढलं की त्यांच्या गाण्याइतकीच त्यांच्या शिष्यांची आठवण निघते. जॅझमध्येही तशी माणसं होती, पण आपल्यापर्यंत पोहोचल्या त्या त्यांच्या रेकॉर्ड. पॅट मार्टिनो २०२१ मध्ये गेले, मिक गुडरिक २०२२ मध्ये, जॅक विल्किन्स आणि रिचर्ड डेव्हिस २०२३ मध्ये. अशा माणसांवर लिहिताना रेकॉर्डची नावं आधी येतात आणि शिकवण्याचा उल्लेख एका ओळीत आटपतो. मला त्यांचं शिकवणं तितकंच मोठं वाटतं, आणि ते आपल्याला घरबसल्या घेता येतं. त्यांची पुस्तकं, व्हिडिओ, हाताने लिहिलेले कागद सगळं मागे आहे.

या सगळ्यांच्या पाठांत एक गोष्ट सारखी दिसते. विद्यार्थ्याच्या हातातलं ते आधी काढून घेतात. सहा तारांपैकी एकच ठेवतात, सहा सुरांच्या कॉर्डमधले तीनच ठेवतात, मेट्रोनोमचे (लयीचे ठोके देणाऱ्या यंत्राचे) निम्मे ठोके काढून टाकतात. जे उरतं त्यात लपायला जागा नसते.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे मिक गुडरिक. जन्म १९४५. सत्तरच्या दशकात गॅरी बर्टनच्या बँडमध्ये वाजवलं, बॉस्टनच्या बर्कली आणि न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरी या दोन्ही संगीत महाविद्यालयांत शिकवलं. १९८७ साली आलेलं त्यांचं ‘द ॲडव्हान्सिंग गिटारिस्ट’ हातात घेतलं तर पहिल्यांदा निराशा होते, कारण त्यात तयार तुकडे जवळजवळ नाहीतच. सुरुवातीलाच ते सांगतात की एका तारेवर वाजवा. आपण गिटारवर ‘पोझिशन’मध्ये शिकतो, चार-पाच फ्रेटच्या (मानेवरच्या आडव्या पट्ट्यांच्या) चौकटीत बोटं फिरवतो. त्यामुळे बोटांना आकार पाठ होतो, पण सुरांमधलं अंतर कानाला कळत नाही. एका तारेवर मात्र एक सूर म्हणजे दोन फ्रेट, अर्धा सूर म्हणजे एक फ्रेट. हार्मोनियमच्या पट्ट्यांसारखं सगळं सरळ रेषेत दिसतं.

हा पाठ आपल्याकडे फार सोपा होतो, कारण तानपुऱ्याचं ॲप प्रत्येकाच्या फोनमध्ये असतं. षड्ज पांढरी दोनवर लावा, म्हणजे डी. ॲपमधलं सेंटचं (अर्ध्या सुराच्या शंभराव्या भागाचं) बारीक ट्यूनिंग शून्यावर ठेवा, नाहीतर गिटार ट्यूनरला बरोबर असूनही तानपुऱ्याशी लहरत राहील. आता फक्त जी तार (पातळ बाजूने तिसरी) घ्या. मोकळी तार मध्यम, दुसऱ्या फ्रेटवर पंचम, चौथ्यावर शुद्ध धैवत, पाचव्यावर कोमल निषाद, सातव्यावर षड्ज, नवव्यावर रिषभ, दहाव्यावर कोमल गंधार, बाराव्यावर पुन्हा मध्यम. हा काफी थाट झाला आणि जॅझवाले यालाच डोरियन म्हणतात. खमाज म्हणजे मिक्सोलिडियन, कल्याण म्हणजे लिडियन, आसावरी म्हणजे एओलियन, भैरवी म्हणजे फ्रिजियन. थाट तोंडपाठ असलेल्याला मोड्सचं, म्हणजे पाश्चात्त्य थाटांचं, अर्धं पुस्तक आधीच येत असतं.

पाच मिनिटं घड्याळ लावा आणि त्या एका तारेवरच वाजवा. पहिल्या मिनिटात आरोह-अवरोह संपतो, मग हात थांबतो. खरा पाठ तिथून सुरू होतो. आता तीन सुरांचं वाक्य म्हणा, थांबा, त्याला उत्तर द्या. बिघडतं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे सगळं एकाच बोटाने सरकवत नेलं जातं. तर्जनी आणि अनामिका अशी जोडी धरून दोन-दोन सुरांच्या गटाने हात हलवला की हे सुटतं. दुसरं म्हणजे आपला कान मींडेला सरावलेला असतो, त्यामुळे प्रत्येक सूर आधीच्यावरून घसरत येतो. कानाला ते गोड लागतं, पण जॅझच्या वाक्यात सूर कोणत्या क्षणी सुरू झाला हे स्पष्ट ऐकू यावं लागतं. म्हणून पहिले काही दिवस मींड पूर्ण बंद ठेवा आणि प्रत्येक सुराला पिकचा वेगळा आघात द्या. मींड नंतर हवी तिथे परत आणता येते.

एक बारीक गोष्ट. थाट बदलून शुद्ध गंधार घेतला की, म्हणजे याच तारेवर अकराव्या फ्रेटवर, तो तानपुऱ्यासमोर किंचित चढा लागतो. गिटार बिघडलेली नसते. फ्रेट सुरांत समान अंतर ठेवण्याच्या हिशोबाने बसवलेले असतात, आणि त्या हिशोबातला शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट वर असतो. ट्यूनिंग पिळत बसू नका, त्यात बाकीचे सूर जातात.

एमिली रेमलरचा पाठ लयीचा आहे. १९५७ सालचा जन्म, बर्कलीत शिक्षण, ‘फायरफ्लाय’ ही पहिली रेकॉर्ड १९८१ ची. १९९० मध्ये सिडनीला गेली तेव्हा वय अवघं ३२. एवढ्या थोड्या वर्षांत तिने शिकवण्याचे जे व्हिडिओ करून ठेवले त्यांत तिचा एक आग्रह दिसतो: मेट्रोनोमचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ऐका. १२० च्या लयीत वाजवायचं असेल तर मेट्रोनोम ६० वर लावायचा आणि प्रत्येक टिकला ‘दोन’ किंवा ‘चार’ म्हणायचं.

ऐकायला सोपं आहे. तबल्याच्या संगतीत वाढलेल्या हाताला ते जड जातं, कारण आपलं सगळं वजन समेकडे जातं. टिक ऐकली की मन तिला सम धरतं, आणि चार-पाच आवर्तनांत तुम्ही नकळत उलटे होता: टिक ‘एक’ आणि ‘तीन’वर येऊन बसते. यावर उपाय तोंडाचा आहे, हाताचा नाही. गिटार खाली ठेवा. टिकबरोबर फक्त ‘दोन’, ‘चार’, ‘दोन’, ‘चार’ म्हणा. ते बसलं की मधल्या रिकाम्या जागी हळू आवाजात ‘एक’ आणि ‘तीन’ भरा. मग मांडीवर थाप द्या, आणि सगळ्यात शेवटी गिटार उचला, तीही एकाच सुराने. लय वाढवायची घाई नको. उलट ती कमी करून पाहा: मेट्रोनोम ४० वर, म्हणजे ८० ची लय. दोन टिकमधलं अंतर वाढलं की आपण कुठे पळतो ते लगेच उघडं पडतं.

याच्याच जोडीला स्विंगच्या, म्हणजे जॅझच्या झोकदार लयीच्या, अर्ध्या मात्रांचं गणित येतं. मध्य लयीत ते तिस्र जातीचं आहे. एका मात्रेचे तीन भाग करा, पहिले दोन मिळून लांब सूर, तिसरा आखूड. पण लय २०० च्या पुढे गेली की वाजवणारे ते सूर जवळपास सारखेच करतात. द्रुत लयीतही लांब-आखूड धरून ठेवलं तर वाजवणं उड्या मारल्यासारखं होतं. नवशिक्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये हा दोष सतत ऐकू येतो.

विल्यम लेव्हिट यांच्याबद्दल थोडक्यात. बर्कलीच्या गिटार विभागाचे ते प्रमुख होते आणि त्यांची तीन भागांची ‘मॉडर्न मेथड फॉर गिटार’ अजूनही जगभर चालते. पहिल्या पानापासून स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची स्वरलिपी), टॅब (तार-फ्रेटचे आकडे) नाही. आपल्याकडे बरेचजण इथेच पुस्तक मिटतात. मिटू नका. रोज चार ओळी वाचा, आणि जिथे दोन गिटारांसाठी लिहिलेले तुकडे आहेत तिथे दुसरी बाजू फोनवर रेकॉर्ड करून तिच्यासोबत वाजवा. पुस्तकाचा खरा गाभा त्या जोडतुकड्यांत आहे. एकट्याने एक बाजू वाजवत बसलं तर ते पुस्तक कोरडं वाटणारच.

कॉर्डसाठी माझ्या मनात पहिलं नाव टेड ग्रीनचं येतं. १९४६ ते २००५. लॉस एंजेलिसच्या भागात राहून आयुष्यभर खासगी शिकवण्या केल्या. स्वतःच्या नावावर एकच रेकॉर्ड, १९७७ ची ‘सोलो गिटार’. आणि १९७१ चं ‘कॉर्ड केमिस्ट्री’. हे पुस्तक विकत घेऊन पहिल्या पानापासून वाजवत सुटलेले लोक महिनाभरात थकतात, कारण ते कोशासारखं आहे, एकेक गोष्ट शोधून घ्यायचं. त्यांनी विद्यार्थ्यांसाठी हाताने लिहिलेले शेकडो कागद शिष्यांनी जपून इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. सुरुवात त्यांपासून करावी असं मी सांगेन. चार सुरांच्या कॉर्डची जितकी मांडणी होऊ शकते तिचे त्यांनी १४ गट पाडले. त्यातला दुसरा गट म्हणजेच सगळे ज्याला ‘ड्रॉप टू’ म्हणतात तो.

ड्रॉप टू कसा होतो ते सरगममध्ये पाहू. षड्ज पांढरी एक, म्हणजे सी. सी मेजर सेव्हनचे सूर सा ग प नी. हे जवळजवळ रचलेले चार सूर गिटारवर एका वेळी धरणं फार अवघड, बोटं पुरत नाहीत. म्हणून वरून दुसरा सूर, इथे पंचम, एक सप्तक खाली टाकायचा. झालं: प सा ग नी. पातळ चार तारांवर, डी तारेपासून, फ्रेट ५-५-५-७. याच रीतीने उरलेले तीन प्रकार: नी ग प सा, फ्रेट ९-९-८-८. सा प नी ग, फ्रेट १०-१२-१२-१२. ग नी सा प, फ्रेट २-४-१-३.

शेवटचा आकार हाताला फाडतो. खाली फ्रेट रुंद असतात, चार बोटं चार फ्रेटवर आणि तीही उलटसुलट: मधलं बोट डी तारेवर, करंगळी जी तारेवर, तर्जनी बी तारेवर, अनामिका पातळ ई तारेवर. म्हणून तो आधी जी मेजरमध्ये घ्या, फ्रेट ९-११-८-१०. हात बसला की रोज एक-एक फ्रेट खाली आणा. चारही आकार एका दमात पाठ करू नका. दोन शेजारचे आकार घ्या, एकातून दुसऱ्यात जाताना सगळ्यात वरचा सूर तोंडाने गा. गायला नाही तर आकार बोटांत राहतो, चाल होत नाही, आणि टेड ग्रीनचं सगळं वादन त्या वरच्या चालीवर उभं आहे.

इथे वाद्याबद्दल चार शब्द लागतात, कारण तारा उंच असल्या तर हे आकार कुणालाच जमणार नाहीत. मराठवाड्याचा एप्रिल-मे गिटारचा वैरी आहे. दिवसभर कोरडी हवा, संध्याकाळी खोलीत कूलर, रात्री वीज गेली की पुन्हा कोरडं. लाकूड आत-बाहेर होतं, मान वाकते, फ्रेटची टोकं हाताला टोचायला लागतात. गिटार कूलरच्या झोतात किंवा भिंतीला टांगून ठेवू नका, केसमध्ये ठेवा. साबणाच्या भोकं पाडलेल्या डबीत पिळून ओला केलेला स्पंज घालून ती केसमध्ये, लाकडाला न टेकता ठेवा. केसमध्ये ४५ ते ५५ टक्के आर्द्रता राहिली की पुरे. छोटा डिजिटल मीटर ठेवला तर अंदाजावर राहावं लागत नाही. इलेक्ट्रिक गिटारला बाराव्या फ्रेटवर जाडी ई तार साधारण २ मिलिमीटर आणि पातळ दीड मिलिमीटर उंच असावी. ट्रस रॉड (मानेतली सळई) फिरवायचाच तर एका वेळी पाव फेरा, मग दिवसभर थांबून पुन्हा बघा. पावसाळ्यात उलटा त्रास, तारा गंजतात. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा.

पॅट मार्टिनोंचा विचार कॉर्डच्या उलट बाजूने येतो. फिलाडेल्फियाचे डेनिस सँडोल हे त्यांचे गुरू. सँडोल स्वतः गिटारवाले, पण त्यांच्याकडे सगळ्या वाद्यांचे लोक शिकायला येत, जॉन कोल्ट्रेनसुद्धा. मार्टिनोंवर १९८० मध्ये मेंदूची शस्त्रक्रिया झाली, स्मृती गेली, गिटार पुन्हा शिकावी लागली. त्यांनी दिलेली युक्ती अशी की प्रत्येक कॉर्डला मायनर करून बघा. जी सेव्हन आली की डी मायनरची वाक्यं वाजवा, सी मेजर सेव्हनवर ए मायनरची, बी हाफ डिमिनिश्डवरही डी मायनरचीच. म्हणजे एका मायनरची भाषा पक्की झाली की ती अनेक ठिकाणी चालते. यात गडबड होते ती शेवटाला. जी सेव्हनवर डी मायनर वाजवताना वाक्य डीवर येऊन बसतं आणि पुढच्या सी मेजरकडे जाण्याची ओढ राहत नाही. म्हणून वाक्याचा शेवटचा सूर आधी ठरवा: सी मेजरचा गंधार किंवा पंचम. मग त्याच्याकडे जाणारी वाट डी मायनरमधून काढा.

आता बेस. इथे मला जास्त थांबायचं आहे, कारण बेसवाल्यांचं शिकवणं नेहमी मागे पडतं.

मिल्ट हिंटन १९३६ ते १९५१ कॅब कॅलोवेच्या बँडमध्ये होते. त्याच बँडमध्ये त्यांच्यापेक्षा सात वर्षांनी लहान डिझी गिलेस्पी आला, आणि कॉटन क्लबच्या गच्चीवर तो हिंटनना नव्या कॉर्ड समजावून सांगायचा. हिंटननी त्या मनापासून घेतल्या आणि पुढे न्यूयॉर्कच्या हंटर आणि बरूक कॉलेजांत स्वतः शिकवलं. रे ब्राउननी १९६० मध्ये ऑस्कर पीटरसनबरोबर टोरांटोत शाळा काढली आणि १९६३ च्या सुमारास बेसचं पुस्तक लिहिलं. झटपट चमकदार तुकडे मिळतील म्हणून उघडावं, तर स्केल आणि आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकामागून एक) समोर येतात. रूफस रीड यांचं ‘द इव्हॉल्विंग बेसिस्ट’ १९७४ चं, त्यानंतर वीसेक वर्षं त्यांनी न्यू जर्सीच्या विल्यम पॅटरसनमध्ये जॅझ विभाग चालवला. चार्ली हेडननी १९८२ मध्ये कॅलआर्ट्सचा जॅझ विभाग सुरू केला. रॉन कार्टर न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवत राहिले, आणि त्याच वेळी इतक्या रेकॉर्डवर वाजवत राहिले की २०१५ मध्ये गिनेसने त्यांच्या नावावर २,२२१ ची नोंद केली.

रिचर्ड डेव्हिस यांच्याबद्दल मला विशेष आदर आहे. एरिक डॉल्फीच्या ‘आउट टू लंच’वर त्यांचा बेस आहे, स्ट्राविन्स्कीच्या हाताखाली ऑर्केस्ट्रात वाजवलेला माणूस. न्यूयॉर्कमध्ये कामाला तोटा नसताना १९७७ मध्ये ते मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकवायला गेले आणि २०१६ पर्यंत तिथेच राहिले. १९९३ मध्ये लहान मुलामुलींसाठी बेसची संस्था काढली. मोठ्या शहरापासून दूर बसून चांगलं शिकवता येतं, याचा एवढा ठळक दाखला मला दुसरा सापडत नाही.

आपल्याकडे उभा बेस जवळजवळ दिसत नाही. बेस गिटार मात्र आहे. १४ एप्रिलच्या आगेमागे गावोगावी भीमगीतांचे कार्यक्रम होतात, लग्नसराईत ऑर्केस्ट्रा असतात, आणि त्यांत बेस वाजवणारी पोरं लयीला पक्की असतात. ऑक्टोपॅडशी अंगठा धरून राहणं सोपं नाही. त्यांच्या हातात मूळ सूर आणि पंचम असतो. वॉकिंग बेससाठी, म्हणजे दर मात्रेला एक सूर देत चालत जाणाऱ्या बेससाठी, त्यात थोडीच भर लागते.

षड्ज पुन्हा पांढरी एक. चार आवर्तनं, प्रत्येकात चार मात्रा. कॉर्ड: डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, मग दोन आवर्तनं सी मेजर सेव्हन.

रे सा ध ध(कोमल) | प नी रे रे(कोमल) | सा ग प ध | प ग सा रे(कोमल)

आणि पुन्हा रे. फ्रेट असे: ए तार ५, ए तार ३, ई तार ५, ई तार ४. मग ई तार ३, ए तार २, ए तार ५, ए तार ४. मग ए तार ३, डी तार २, डी तार ५, डी तार ७. शेवटी डी तार ५, डी तार २, ए तार ३, ए तार ४.

पहिल्या मात्रेवर दर कॉर्डचा मूळ सूर येतो. चौथ्या आवर्तनात कॉर्ड तीच आहे म्हणून तिथे पंचम चालतो. चौथ्या मात्रेवर बहुतेक वेळा पुढच्या मुक्कामाच्या शेजारचा अर्धा सूर येतो. कोमल रिषभ एकदा वरून खाली षड्जावर उतरतो आणि एकदा खालून वर शुद्ध रिषभाकडे चढतो. रागसंगीत ऐकलेल्या कानाला शुद्ध धैवतानंतर लगेच कोमल धैवत खटकतो. खटकू द्या. तो चौथ्या मात्रेवर आहे, आणि पुढची मात्रा पंचमाची आहे म्हणूनच तो चालतो. तोच सूर पहिल्या मात्रेवर ठेवून पाहा, कारण लगेच ऐकू येईल.

धैवतासाठी मोकळी ए तार का घेतली नाही? मोकळी तार घुमत राहते, आणि तिच्यावर ई तारेवरचा कोमल धैवत आला की दोन्ही एकमेकांवर आदळतात. ॲम्प्लिफायरवर तर नुसता गुरगुराट होतो. मोकळी तार घ्यायचीच असेल तर कोमल धैवत धरणाऱ्या बोटाचा पोटाकडचा भाग ए तारेला हलका टेकवून ती बंद करा.

सगळ्यात जास्त चुकते ती सुराची लांबी. गाण्यांच्या साथीत बेसचा सूर तोडून वाजवायची सवय असते. वॉकिंगमध्ये प्रत्येक सूर पुढच्याला जाऊन भिडला पाहिजे. डावं बोट पुढचा सूर वाजेपर्यंत उचलायचं नाही. उजव्या हाताने ब्रिजजवळ न वाजवता मानेच्या टोकाशी, तर्जनीच्या कडेने तार ओढायची, आवाज गोल येतो. खालच्या पाच फ्रेटमध्ये एका फ्रेटला एक बोट असा हट्ट धरू नका. उभ्या बेसवाल्यांची जुनी रीत घ्या: तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी, अनामिका करंगळीच्या मदतीला. मनगट दुखायचं थांबतं.

कॅरल के यांनी तर फोमच्या नाहीतर फेल्टच्या पट्टीचा मार्ग दाखवला आहे. १९३५ चा जन्म, पन्नासच्या दशकात त्या लॉस एंजेलिसच्या क्लबांत बीबॉप (द्रुत लयीची जॅझ शैली) गिटार वाजवायच्या, १९६३ मध्ये स्टुडिओत बेस हातात घेतला आणि १९६९ मध्ये शिकवण्याचं पुस्तक काढलं. ब्रिजजवळ तारांवर फेल्टची पट्टी ठेवून चिकटपट्टीने बसवायची. सूर उभ्या बेससारखा लवकर खाली बसतो. शिंप्याकडे कोटाच्या आतलं जाड कापड मिळतं, त्याची बोटभर रुंद पट्टी चालते. फार दाबून बसवली तर सूर मेल्यासारखा होतो, म्हणून तारांना नुसती टेकेल एवढीच. त्यांचा दुसरा आग्रह मला आणखी मोलाचा वाटतो: आधी कॉर्डचे सूर, स्केल नंतर. वर दिलेल्या ओळीत तुम्हाला तेच दिसेल.

आपल्या देशातही असा एक माणूस होता. कोलकात्याचे कार्लटन किटो. चार्ली ख्रिश्चनच्या रेकॉर्ड ऐकून ऐकून बीबॉप गिटार शिकले, पार्क स्ट्रीटच्या हॉटेलांतली जॅझची चलती ओसरल्यावरही तीच वाट धरून राहिले, आणि २०१६ मध्ये जाईपर्यंत तरुण पोरांना शिकवत राहिले. त्यांच्या हाताशी आजच्यासारखे व्हिडिओ नव्हते, सुई उचलून पुन्हा तिथेच ठेवायची एवढंच.

दोघेजण असाल, एक गिटार आणि एक बेस, तर जिम हॉल आणि रॉन कार्टर यांची १९७२ ची जोडरेकॉर्ड आधी ऐका. दोघेही शिकवणारे, आणि दोघेही एकमेकांना जागा देणारे. मग वरची बेसची ओळ १०० च्या लयीत लावा आणि गिटारवर तीन-तीन सुरांच्या कॉर्ड घ्या. डी मायनर सेव्हन: ए तार ५, डी तार ३, जी तार ५, म्हणजे रे म सा. जी सेव्हन: जाडी ई तार ३, डी तार ३, जी तार ४, म्हणजे प म नी. सी मेजर सेव्हन: ए तार ३, डी तार २, जी तार ४, म्हणजे सा ग नी. वरचे दोन सूर नीट बघा. पहिल्या बदलात मध्यम जागेवर राहतो आणि षड्ज निषादावर उतरतो. दुसऱ्या बदलात निषाद जागेवर राहतो आणि मध्यम गंधारावर उतरतो. संपूर्ण हालचाल दर वेळी एका फ्रेटची आहे.

जी सेव्हनच्या आकारात मधली ए तार वाजता कामा नये. जाड्या ई तारेवरच्या बोटाचं टोक तिला टेकलेलं असलं की ती बंद राहते. चारही मात्रांवर खाली जाणारा हलका झटका, आणि प्रत्येक झटक्यानंतर डाव्या हाताचा दाब सैल, बोटं मात्र तारांवरच. फ्रेडी ग्रीन काउंट बेसीच्या बँडमध्ये पन्नास वर्षं याच कामावर होते.

हे जमलं की गिटारवाल्याने खालचा मूळ सूर सोडून द्यायचा, कारण तो बेसवाला देतोच आहे. डी आणि जी तारेवरचे दोन सूर तेवढे ठेवायचे: म-सा, म-नी, ग-नी. दोघांनी आपापली बाजू फोनवर वेगवेगळी रेकॉर्ड करून ऐका. गिटारच्या नुसत्या दोन सुरांतून कॉर्ड बदललेली कळत असेल, आणि नुसत्या बेसमधूनही, तर लय दहाने वाढवा. कळत नसेल तर मेट्रोनोम ४० वर आणा, दोन आणि चारवर.